कीपर उठून उभा राहिला होता

माझ्या धाकट्या भावाला लहानपणी धड सरळ चालताच यायचं नाही. वाटेत जे येईल ते पायानं ढकलत जायचा. वडगावातल्या आमच्या घरात पुढच्या सोप्यात माग होते. मागाखाली सुताच्या रिकाम्या कांड्या पडलेल्या असायच्या. त्या तो एका मागाच्या पायांतून दुसऱ्याच्या पायांत अशा काही पळवायचा की आप्पा माग थांबवून ओरडायचे, "अरं, सूत तुटंल की! बाहीर जा खेळायला!"

तो बाहेर गेला, आणि मग दहा-बारा वर्षं तो बाहेरच होता असं म्हटलं तरी चालेल. आधी गल्लीत, मग अनगोळच्या माळावर, मग कॅम्पातल्या मोठ्या ग्राउंडवर. बेळगावात फुटबॉलचं वेड जुनं आहे. रविवारी ग्राउंडच्या कडेला माणसं भिंतीवर, झाडावर, टेंपोच्या टपावर चढून बसतात. त्या माणसांना माझ्या भावाचा खेळ माझ्याआधी ओळखीचा झाला. मी तोवर लग्न होऊन निपाणीला गेले होते आणि तिथल्या मराठी शाळेत शिकवत होते. मला तंबाखूच्या वखारीच्या वासाची सवय होत होती, आणि इकडे माझा भाऊ गोल करत सुटला होता.

त्याचे गोल देखणे नसायचे. हे मी बहीण म्हणून लपवत नाही. चार जणांना चकवून, चेंडू नाचवत नेणारा तो खेळाडू नव्हता. पण चेंडू जिथं पडणार तिथं तो आधीच उभा असायचा. कीपरच्या हातून निसटलेला, खांबाला लागून आलेला, कुणाच्या तरी पाठीवर आपटून वळलेला चेंडू याच्याच पायात यायचा. त्याला शिकवणारे कॅम्पातले सर म्हणायचे, "चेंडू कीपरच्या दोन्ही हातांत घट्ट बसला हे डोळ्यांनी बघेपर्यंत पळणं सोडायचं नाही." तो सोडायचा नाही. आठवडाभर आप्पांच्या शेजारी मागावर बसायचा आणि रविवारी गोल करायचा. कोल्हापूरच्या टीम त्याला स्पर्धेपुरतं बोलावून न्यायच्या. एकदा गोव्यालाही जाऊन आला. संध्याकाळी घरी आला की आई कधी विचारायची नाही, जिंकलास काय म्हणून. ती विचारायची, "कुठं लागलं काय रं?"

"न्हाय गं," म्हणायचा आणि गुडघे झाकून जेवायला बसायचा.

त्या रविवारी मी माहेरी आले होते, म्हणून मॅच बघायला गेले. थंडी सरत आली होती आणि ग्राउंडवर तांबडी धूळ होती. समोरची टीम खानापूर तालुक्यातली. त्यांचा कीपर गुंजीचा. उंच, हडकुळा, हसऱ्या तोंडाचा. खानापूरला कौलाच्या कारखान्यात कामाला होता आणि रेल्वेनं येऊन-जाऊन खेळायचा. पहिल्या अर्ध्यात त्यानं माझ्या भावाला एकही गोल करू दिला नाही. मी कट्ट्यावर गोलाच्या अगदी जवळ बसले होते. दोघांचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"आज तुला एकबी देत न्हाय बग," कीपर म्हणाला.

"बगूया की," माझा भाऊ म्हणाला. दोघंही हसले. वैर म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात बाजू बदलल्या तशी मीही पलीकडच्या गोलाजवळ जाऊन बसले. मागून एक उंच चेंडू आला आणि दोघांच्या मधोमध पडला. माझा भाऊ पळाला. कीपर गोल सोडून पुढं पळत आला आणि भावाच्या पायात आडवा झेपावला. चेंडू त्याच्या हाताला लागून बाजूला गेला. भावाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. भाऊ त्याच्यावरून कोलमडून पलीकडं पडला.

कीपर निपचित पडून राहिला. सगळे गोळा झाले. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी बूट सैल केले. आणि मग तो उठला. हे मी आजवर शेकडो लोकांना सांगितलंय, आणि कितीजणांनी विश्वास ठेवला मला माहीत नाही. तो उठून उभा राहिला होता. डोकं चोळत हसला. रेफ्रीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "काय न्हाय सर. चालू करा." माझ्या भावानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं भावाच्या पाठीवर थाप मारली. ग्राउंडवर डॉक्टर नव्हता, दवाखान्याची गाडी नव्हती. त्यांच्याकडं दुसरा कीपरही नव्हता. खेळ सुरू झाला.

थोड्या वेळानं माझ्या भावानं लांबून एक फटका मारला. जोर नव्हता त्यात. असले चेंडू तो कीपर खाली वाकून सहज उचलायचा. पण तो चेंडूकडं बघतच नव्हता. बाजूला, दूर कुठंतरी बघत उभा होता. चेंडू त्याच्या पायाजवळून घरंगळत जाळीत गेला. लोक हसले. मग एकच गलका झाला. माझा भाऊ दोन्ही हात पसरून कोपऱ्याकडं पळाला. टीमची पोरं त्याच्या अंगावर पडली. तो उड्या मारत होता. मीही उभी राहून टाळ्या वाजवत होते.

भाऊ वळला तेव्हा कीपर खांबाला टेकून खाली बसला होता. एका हातानं त्यानं जाळी धरली होती. त्याला ओकारी झाली. सगळ्यांत आधी त्याच्याजवळ पोचला तो माझा भाऊ.

कुणाच्या तरी ओम्नी गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. भाऊ त्याचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसला आणि मी मागून रिक्षानं गेले. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवर भावाच्या बुटांचे खिळे टकटक वाजत होते. त्याला ते काढायचं सुचलं नव्हतं. नर्स बाहेर येऊन मोठ्यानं म्हणाली, "पेशंट कडेयवरु यार्री?" पेशंटसोबत कोण आहे, म्हणून. तिथं कीपरच्या घरचं कुणीच नव्हतं. माझा भाऊ पुढं झाला आणि म्हणाला, "मी."

डोक्यात रक्त साकळलं होतं. ऑपरेशन करायचं ठरलं. दिवस मावळताना गुंजीहून त्याचे वडील आले. रेल्वेच्या रुळांवर काम करणारा माणूस, अंगावर कामाचाच शर्ट. हातात कापडी पिशवी, तिच्यात पोराचे बदलायचे कपडे. त्यांना सही करायला आत बोलावलं तेव्हा त्यांनी समोर उभ्या असलेल्या माझ्या भावाकडं पिशवी दिली. "जरा धर रं पोरा," म्हणाले. त्यांना वाटलं असणार, हा आपल्या पोराच्या टीममधला. बाहेर आल्यावर विचारलं, "चेंडू लागला काय रं त्याला?"

 माझा भाऊ पिशवी छातीशी धरून उभा होता. मीच म्हणाले, "काका, बसा आधी."

दोन-तीन दिवस तो कीपर जिवंत होता. माझा भाऊ तिथून हलला नाही. मग एका सकाळी क्लबातल्या मोठ्या माणसानं त्याला बाजूला घेतलं आणि कीपर गेला म्हणून सांगितलं. आणि त्याच दमात असंही सांगितलं, की तू आता गुंजीला येऊ नकोस, लोक तापलेत. तो घरी आला आणि सोप्यात बंद मागासमोर बसला. आई त्याच्यासमोर उभी राहिली. कुठं लागलं काय, हे तिनं त्या दिवशी विचारलं नाही.  मला आठवतं, आपण सगळ्यांनी चालता चालता अचानक पायरी नसलेल्या जागी पाय टाकलाय, असं काहीसं मला वाटत होतं. पण त्याहून वाईट पुढं होतं.

ती क्लिप मला निपाणीत बघायला मिळाली. शाळेच्या मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये एक बाई फोन पुढं करत म्हणाल्या, "बघितलासा काय बेळगावचं? माणसाला गुडघा मारला आणि नाचूलाय बघा!"

गोलामागून कुणीतरी फोनवर काढलेला व्हिडिओ होता. माझा भाऊ पळतोय, कीपर झेपावतोय, गुडघा बसतो, कीपर पडतो. आणि लगेच माझा भाऊ हात पसरून पळतोय, उड्या मारतोय, पोरं त्याला मिठ्या मारतायत. मधलं काहीच नाही. पाणी मारणं नाही, कीपरचं उठणं नाही, ते हसणं नाही, पाठीवरची थाप नाही. नंतर लांबून मारलेला तो गोलही नाही. कुणीतरी मधला सगळा वेळ कापून दोन टोकं जोडली होती.

"हा माझा भाऊ आहे," मी म्हणाले.

त्या बाईंचा हात तसाच पुढं राहिला. फोनवर ते परत सुरू झालं. गुडघा, पडणं, नाचणं.  मी तिथं होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. पण ती क्लिप चार वेळा बघितल्यावर क्षणभर मलाही वाटलं, असंच झालं होतं की काय? स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास असा उडू शकतो, हे मला त्याआधी खरं वाटलं नसतं.

क्लिप निपाणीत आली म्हणजे ती कोल्हापुरात होती, खानापुरात होती, गोव्यात होती. रेफ्रीनं सांगितलं, भावाची चूक नव्हती. पोलीस येऊन जाबजबाब घेऊन गेले, त्यांनीही अपघात म्हणून लिहिलं. समोरच्या टीमच्या पोरांनी सांगितलं, तो उठला होता. पण सांगणाऱ्या माणसाला दारोदार जावं लागतं, क्लिपला जावं लागत नाही. साड्या न्यायला येणारा आमचा जुना व्यापारी सोप्यात बसून, चहा पिऊन, सगळं झाल्यावर हळूच म्हणाला, "आप्पा, पोरगं रागीट हाय काय हो तुमचं?" आप्पा उठले आणि त्यांनी माग सुरू केला. मागाच्या आवाजात तो माणूस पुढं काय म्हणाला ते कुणालाच ऐकू आलं नाही.

भाऊ घराबाहेर पडायचा बंद झाला. मग एके दिवशी ते कॅम्पातले सर आले. आयुष्य फुटबॉलमध्ये गेलेला माणूस. भावाच्या शेजारी खाटेवर बसले आणि म्हणाले, "तुला एकट्यालाच झालंय असं समजू नकोस. आपल्या आजा-पणजाच्या काळात, तिकडं स्कॉटलंडात, अगदी अस्संच झालं होतं." आणि त्यांनी एका जुन्या फॉरवर्डची गोष्ट सांगितली. तरणाबांड पोर, पहिल्याच मोसमात ढिगानं गोल करणारा. मोठ्या मॅचला समोरचा कीपर त्याच्या पायात झेपावला, गुडघा लागला, आणि कीपर गेला. तोही तरुणच. सगळ्यांनी सांगितलं, याचा दोष नाही. "आणि तरीबी तो खेळला बग," सर म्हणाले. "त्याच्यानंतरसुद्धा गोल मारत राहिला. म्हणून सांगतो, ऊठ."

सरांना त्याला उभारी द्यायची होती. भावानं मान वर करून विचारलं, "मग पुढं त्याचं काय झालं, सर?"

सर खाटेवरून उठले. "खेळला की," म्हणाले. "बरीच वर्षं."

सर गेल्यावर भाऊ माझ्याकडं वळला. "आक्का, तू शोधून बग. त्याचं शेवटी काय झालं ते."

मी फोनवर शोधलं.  तो माणूस खेळला हे खरं होतं, गोल केले हेही खरं होतं. पण जिथं जाईल तिथं लोक त्याला त्यावरून डिवचायचे. त्यानं क्लब बदलले, गाव बदललं. आणि त्या दिवसानंतर खेळात आनंद म्हणून उरला नाही, असं पुढं त्यानंच सांगितलं होतं. मी भावाला खोटं सांगायचं ठरवून तोंड उघडलं. तो माझ्याकडं बघत होता. मला जमलं नाही. जे वाचलं ते सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्येच्या वेळेला तर क्लिप बी नव्हती." थोड्या वेळानं परत म्हणाला, "म्हणजे हे जात न्हाय."

आणि मग लगेच, जणू तेच ठरवत होता तसा, "मला गुंजीला जायाचं हाय. तू चल."

आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. खानापूर गेलं की झाडी दाट होते आणि गाडीतली माणसं कमी होत जातात. गुंजीला उतरलेले आम्ही चार-पाच जणच. घर विचारायला लागलं नाही. स्टेशनातल्या माणसानं भावाला क्लिपमुळं ओळखलं असणार, त्यानं न बोलताच बोटानं दाखवलं.

वडील पडवीत बसले होते. त्यांनी भावाकडं बघितलं. "तू दवाखान्यात माझी पिशवी धरलेला न्हवं?"

"व्हय," भाऊ म्हणाला. तो अंगणातच उभा राहिला, पडवीची पायरी चढला नाही. "काका, मी तुमच्या टीमचा नव्हतो. माझाच गुडघा लागला त्याला. मीच तो."

आतली भांड्यांची खुडबुड थांबली. दारात कीपरची आई येऊन उभी राहिली.

"ठावं हाय मला," वडील म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी कळलं, दवाखान्यातच. मला वाटलं, आता हा पळून जाईल. तू गेला न्हाईस."

आम्ही शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. मारलं तर मार खायचा, असं भाऊ गाडीत म्हणाला होता. त्याऐवजी त्या माणसानं हात पुढं केला. "ते फोनमदलं तुझ्याकडं असंल की. दाखव मला."

"नको काका," मी मधेच म्हणाले. "ते खोटं जोडलेलं आहे. तुम्ही बघू नका."

"बाई, मी त्याला मॅच खेळताना एकदाबी बघितलो न्हाय," ते म्हणाले. "रविवारी माझी ड्यूटी. तो म्हणायचा, बाबा एकदा या. मी म्हणायचो, येतो की. लोक म्हणत्यात फोनमदी हाय त्यो. मला कोण दाखवंना झालाय. तुमी तरी दाखवा."

 जी क्लिप जगातून नाहीशी व्हावी म्हणून मी देवाला हात जोडत होते, तीच या माणसाला हवी होती. त्यात त्याचा मुलगा पळत होता.

भावानं फोन काढला. पायरी चढला, त्यांच्या शेजारी खाली बसला आणि फोन त्यांच्यापुढं धरला. नीट दिसावं म्हणून त्यांनी त्याचं मनगट धरलं. ते दोघं तसे बसून बघत होते. मी नाचण्याच्या भागाला डोळे मिटून घेतले.

"परत लाव," वडील म्हणाले.

परत लावलं. ते नाचणं बघतच नव्हते. पोरगा झेपावतो तेवढंच बघत होते. तिथं आलं की त्यांची मान किंचित पुढं व्हायची.

"उडी बरोबर हाय," ते म्हणाले. मग फोन बाजूला सारला. "ही उडी मी शिकवलो त्याला. तरणा होतो तवा मीबी कीपर होतो. भात कापून झालं की शेतात घेऊन जायचो ह्याला. म्हणायचो, म्होरं ये. त्याच्या पायाकडं बगू नको, चेंडू बग. भ्यायचं न्हाय. तो भ्यायचा लहानपणी. मी त्याचं भ्या घालवलो." त्यांनी माझ्या भावाकडं बघितलं. "तू न्हाईस रं मारलास. त्याला भ्या असतं तर तो आज हितं बसला असता. हे मी केलो."

"न्हाय काका, माझा गुडघा..."

"मी शिकवलो नसतो तर..."

"माझा गुडघा मी मागं घ्यायला पायजे होतो..."

"बास करा!" दारातून कीपरची आई म्हणाली. तोपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. आवाज मोठा नव्हता, पण मी दचकले. "तुमी दोघं मी मारलो, मी मारलो म्हणून भांडूलासा. वाटून घ्या की दोघांत. माझं पोरगं कुठं हाय ते कोणतरी सांगा मला."

ती आत गेली. परत बाहेर आली नाही. पडवीत आम्ही तिघं होतो आणि कुणी कुणाकडं बघत नव्हतं. परतीची गाडी यायला वेळ होता तरी आम्ही उठलो. वडील स्टेशनपर्यंत आले. फलाटावर त्यांनी भावाला एवढंच विचारलं, "पळत येताना तो कायतरी वरडला काय रं? मी शिकवलोतो, वरडत यायचं म्हणून."

"वरडला," भाऊ म्हणाला. "माझा म्हणून वरडला. चेंडू माझा म्हणून."

त्यांनी मान हलवली. गाडी आली.

पुढच्या मोसमात भाऊ परत खेळायला उतरला. का उतरला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. आप्पांचा विरोध होता, आईनं काहीच म्हटलं नाही. त्याची पहिली मोठी मॅच नेमकी निपाणीला होती, म्हणून मी गेले. तो ग्राउंडवर आला तेव्हा एका कोपऱ्यातून आवाज आला, "ए खुनी!" मग दुसऱ्या कोपऱ्यातून. थोड्या वेळानं लहान पोरांनाही त्याची चटक लागली. अर्थ न कळता ती ताल धरून ओरडत होती. मी ज्या गावात रोज पोरांना शुद्धलेखन शिकवते त्या गावातली पोरं. मी खाली बघून बसले.

आणि मग एक चेंडू मागून त्याच्यापुढं पडला. समोर फक्त कीपर होता. असा चेंडू माझ्या भावानं आयुष्यात सोडला नव्हता. कीपर गोल सोडून पळत आला आणि पायात झेपावला. माझ्या भावानं चेंडू तिथंच टाकला आणि कीपरवरून उंच उडी मारून पलीकडं गेला. इतकी उंच, की ग्राउंड आधी गप्प झालं आणि मग हसायला लागलं. चेंडू आरामात कीपरच्या कुशीत. भाऊ पलीकडं उभा राहून वळून कीपरकडंच बघत होता, तो हलतोय का ते. कीपर उठला, चेंडू मारून दिला, तेव्हा कुठं तो जागचा हलला.

तेव्हापासून तसंच व्हायला लागलं. लांबून तो गोल करायचा, डोक्यानं करायचा. पण कीपर पुढं आला की पाय चेंडूकडं जायचे नाहीत. सरांनी समजावलं, रागावले, वेगळा सराव घेतला. "मी ठरवत न्हाय सर," तो म्हणायचा. "पाय ऐकत न्हाय." गोलाजवळचा निसटलेला चेंडू हीच ज्याची कमाई, त्याला गोलाजवळ जाणंच जमेना. एक मोसम तसा काढला. दुसऱ्या मोसमाच्या मध्यावर एका रविवारी तो ग्राउंडला गेलाच नाही. कुणाला काही सांगितलं नाही, निरोपाची मॅच नाही, हार नाहीत. माग चालू करून बसला.

आता तो मागावरच असतो. लग्न झालंय. फुटबॉलशी त्याचा संबंध एवढाच उरलाय, की बेळगावात कुठलीही मोठी स्पर्धा असली की सकाळी ग्राउंडवर जातो आणि आयोजकांना विचारतो, "दवाखान्याची गाडी कुठाय?" आधी लोक टाळायचे, टिंगल करायचे. एकदा गाडी नव्हती तेव्हा तो मैदानाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला आणि हटेना. त्याला ओळखणारे रेफ्री होते, त्यांनी शिटी वाजवली नाही. गाडी आल्यावर मॅच सुरू झाली. आता बहुतेक जण आधीच ठेवतात. गाडी दिसली की तो मॅच न बघता घरी येतो.

गुंजीला तो वर्षातून एक-दोनदा जातो. वडील बोलतात. आई अजून त्याच्याशी बोलत नाही. मी सोबत गेले तर माझ्याशी बोलते, पाऊसपाण्याचं, निपाणीच्या बाजाराचं. तो पडवीत असतो. ती त्याच्यासमोर चहा ठेवते, कपाकडं बघत, आणि आत जाते.

गेल्या दिवाळीत तो भाऊबिजेला निपाणीला आला होता. परत जाताना मी त्याला बसस्टँडवर सोडायला गेले. बेळगावची बस लागायची होती. स्टँडपलीकडच्या मोकळ्या जागेत काही तरणी पोरं फुटबॉल खेळत होती, चपला ठेवून गोल केलेला. मी मुद्दाम दुसरीकडं बघत काहीबाही बोलत राहिले. त्याचं लक्ष नव्हतं.

"आक्का," तो म्हणाला, "खरं सांगू काय?"

"सांग की."

"लोकांना वाटतंय मला खेळायचं नको झालंय. तुलाबी तसंच वाटतंय. नको झालं असतं तर बरं झालं असतं गं. माझं मन अजून तिथंच पळतंय. आता बी बग, त्या पोराच्या हातनं चेंडू सुटणार हाय, मला हितनं कळूलंय." तो थांबला. "एक माणूस मेला आणि मला अजून गोल मारायचा हाय. हे कसलं मन हाय माझं?"

मी त्याच्याकडं बघत राहिले. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरले होते, तो असा नाही, त्याचं मन फार मऊ आहे, खेळावरचं त्याचं मनच मेलंय. आणि तो माझ्यासमोर उभा राहून सांगत होता की ते मेलेलं नाही. त्याचीच त्याला भीती वाटत होती.  बस आली. कंडक्टर कन्नडमध्ये ओरडून माणसं आत घेत होता. भाऊ चढला, खिडकीची जागा मिळाली नाही, म्हणून दांडीला धरून उभा राहिला. पलीकडं त्या पोराच्या हातून चेंडू सुटला आणि दुसऱ्यानं तो चपलांच्या मधून मारला. पोरं ओरडली. बसमधून त्याला ते दिसलं की नाही मला कळलं नाही.